नाणी राहू द्या, आधी पीककर्ज भरा

देवगडच्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आहे. हापूसचे पैसे हातात आल्यावर त्यांनी ओळखीच्या एजंटाकडून नव्या संसद भवनाची 75 रुपयांची 30 स्मारक नाणी घेतली, प्रत्येकी 8,000 रुपयांना. पाच वर्षांत तिप्पट होतील, असं एजंट सांगतो. आणखी 20 घ्यावीत का, हा प्रश्न. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय : अडीच लाखांचं पीककर्ज पुढच्या महिन्यात फेडायचंय, पण नाण्यांचा भाव वाढला की भरू, दोन लाखांची ठेव मोडायची नाही.

नाण्यांचं उत्तर सोपं आहे : एकही घेऊ नका. 2023 चं हे नाणं 35 ग्रॅमचं, त्यात चांदी निम्मीच; बाकी तांबं, निकेल, जस्त. चांदी ग्रॅमला 200 रुपये धरली तर नाण्यात 3,500 ची चांदी. तुम्ही 2 लाख 40 हजार मोजलेत, चांदी आहे लाखभराची. सराफ घट कापेल ती वेगळी. तिप्पट म्हणजे कुणीतरी एका नाण्याला 24,000 द्यायला हवेत. कोण देणार?

खरा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की ही सवलत गेली. तुमच्याच बँकेच्या पत्रात थकबाकीला 12 टक्के लिहिलंय, म्हणजे वर्षाला 30,000. शिवाय खातं थकीत झालं की नवं कर्ज अडतं. मग मोहोराच्या फवारणीला पैसे कुठून आणाल? वाशीच्या दलालाची उचल घ्याल, आणि पेट्या त्यालाच, तो म्हणेल त्या भावात द्याव्या लागतील. आठ हजारांच्या नाण्यापायी अख्खा हंगाम दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

ठेव मोडाच. व्याजात एक टक्का दंड पडला तरी वर्षामागे साधारण 2,000 जातील. उरलेल्या 50,000 साठी मुंबईच्या दोन-तीन नाणेविक्रेत्यांकडे भाव विचारा आणि लागतील तेवढी नाणी विका, तोटा झाला तरी. डबी आणि टांकसाळीचं कार्ड सोबत न्या. त्याशिवाय भाव पडतो. खाऱ्या हवेने काळवंडली असतील तर चिंच-रांगोळीने घासू नका, घासलेलं नाणं संग्राहक घेत नाही.

कर्ज भरलं की बँकेतून व्याज सवलतीची नोंद झाल्याची खात्री करून घ्या.