पुलसा मासा गोदावरीतून नांदेड-पैठणपर्यंत का येत नाही?

नदी एकच असली तरी वाटेत धरणं आहेत, म्हणून.

पुलसा म्हणजे हिलसा. हा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात शिरतो. आषाढ-श्रावणात आपल्याकडचं आणि तेलंगणातलं पुराचं गढूळ पाणी खाली उतरलं, की आंध्रात यानमजवळच्या खाडीतून हे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. तिथं नदीचं पात्र अफाट रुंद आहे आणि भरती-ओहोटी चालते, त्यामुळे कोळी पुराइतकंच भरतीचं वेळापत्रकही बघून जाळी सोडतात. हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर. नदीत शिरलेल्या माशाची चव समुद्रातल्यापेक्षा सरस मानतात, म्हणून एकेका माशाला हजारो रुपये मोजले जातात.

पण राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमला त्यांची वाट अडते. तिथला पहिला बंधारा ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांनी 1852 मध्ये पूर्ण केला. त्याच्याही वर तेलंगणातलं श्रीरामसागर धरण, मग नांदेडचं विष्णुपुरी, आणि पैठणला जायकवाडी. एवढं ओलांडून मासा येणार कसा?

आपल्या पट्ट्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम मिळतात. रोहू-कटलाही पावसाळ्यात वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत, म्हणून जलाशयांत मत्स्यबीज सोडावं लागतं. तेव्हा पहिल्या पुराला ओढ्यात चढणारे गाभोळीचे मासे दिसले तर कृपा करून धरू नका. पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतर भोई बांधवांकडून ताजा मासा घ्या.