त्याच झाडाखाली पुन्हा

पुणे, १२ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

तुझी मेल रात्री सव्वादोनची. इथे तेव्हा पावणेसहा झाले होते, मी चहाचं आधण ठेवत होते. दक्षिण सुदानमधल्या बोरमध्ये त्या वेळी जागा असलेला माणूस डासांमुळे जागा नसतो, एवढं मला कळतं. त्याच गावात मीही अशा रात्री काढल्यात.

आधी एक सांगते, ते 'मॅडम' सोड. ताई म्हण, मावशी म्हण.

तू लिहिलंयस की झाडाखाली भरलेल्या समावेशकतेच्या कार्यशाळेत एक्केचाळीस टक्के बायका होत्या. मुख्यालयाने अभिनंदन कळवलं, पण त्या बायका दोन दिवस नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. आता साहेब म्हणतात, झकास झालं, पुढच्या काउंटीत, म्हणजे तालुक्यात, हेच कर. आणि तू मला विचारतोस, हे नाटक आहे का? असलं तर राजीनामा टाकून घरी यावं का?

नाटक आहेच. पण पहिला प्रयोग बघून उठून निघालास तर दुसरं काय दिसणार? परत जा. पुढच्या काउंटीत नव्हे, त्याच बोमात, म्हणजे त्याच गावात, त्याच झाडाखाली परत जा. बाकी जे लिहिते आहे ते एवढ्याचसाठी. घाईत असशील तर इथेच थांबलास तरी चालेल.

पहिल्या खेपेला आपल्याला जी माणसं दिसतात ती मांडून ठेवलेली असतात. खवाजा, म्हणजे परदेशी माणूस, येणार म्हटल्यावर खुर्च्या येतात, मुखिया पुढे बसतो, बायका डावीकडे, आणि कोणीतरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं की काय बोलायचं. आपल्याकडे कलेक्टर येणार म्हटल्यावर शाळेला चुना लागतो, तसंच. दुसऱ्या खेपेला खुर्च्या कमी होतात. तिसऱ्या खेपेला कोणी उठूनही बघत नाही, आणि मग कोणीतरी भाकरी थापता थापता खरं बोलतं.

तुला वुनलिटची शांतता परिषद माहीत असेलच, तुमच्या प्रशिक्षणात तो बैल मारल्याचा फोटो दाखवतात. दिंका आणि नुएर हे दोन समाज, १९९९. पांढरा बैल, तीनशेहून जास्त सह्या, सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढची स्लाइड येते. कोणी हे सांगत नाही की त्याआधी जून १९९८ मध्ये दोन्हीकडचे मुखिये केनियातल्या लोकिचोकियोला भेटले होते. मग चर्चच्या माणसांनी त्यांना एकमेकांच्या मुलखात नेलं. ज्या मुलखात गेलं तर मारलं जायची भीती, तिथे जाऊन जिवंत परत यायचं, आणि मग दुसऱ्यांनी इकडे यायचं. त्यानंतर बैल. नाइलच्या पश्चिमेला पुढे बराच काळ धाडी कमी झाल्या. माझ्या मते त्याचं श्रेय बैलाच्या आधीच्या त्या येण्याजाण्याला आहे. आपण मात्र फोटो बैलाचा घेतला आणि देशभर बैल मारत सुटलो.

मीही त्यातलीच.

मार्च २०१२ मध्ये मी जोंगलेई राज्यात एका छोट्या बैठकीची लेखनिक होते. दोन समाज होते. कुठले ते लिहीत नाही, तुला अंदाज येईल. गुरांच्या धाडी, माणसं मारलेली, दोन्हीकडून बायकामुलं पळवलेली. चार दिवस बोलणं चाललं. करारातला सहावा मुद्दा मी माझ्या हाताने टाइप केला : पळवून नेलेल्या सर्व स्त्रिया व मुले परत करण्यात यावीत. इतका न्याय्य मुद्दा, की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बाई असून मला एका क्षणासाठीही वाटलं नाही की ज्यांना 'परत' करायचं त्यांच्यापैकी एकीला तरी विचारावं.

वर्षभराने गाडी बिघडली म्हणून त्या गावात दोन रात्री अडकले. हो, गाडी बिघडली म्हणून. परत जायची अक्कल मला होती असं समजू नकोस. तिथे ती मला भेटली. बारा-तेरा वर्षांची असताना नेलेली, तिकडेच बाई झालेली, दोन मुलांची आई. सहाव्या मुद्द्याप्रमाणे तिला परत आणली होती. मुलं तिकडेच ठेवली, कारण बापाकडच्यांनी सांगितलं की मुलं आमची. इकडे भावांनी तिचं नवीन लग्न ठरवायला घेतलं होतं. तिथे लग्नात मुलीकडच्यांना गुरं मिळतात, आणि भावांनाही लग्नं करायची होती. तिने दुभाष्याला विचारलं, तो कागद कोणी लिहिला? दुभाषा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून.

मी खोटं बोलले. बारा वर्षं होतील.

त्याच दोन रात्रींत गुरांच्या तळावरची पोरं भेटली. गळ्यात मणी, हातात कलाश्निकोव्ह, वय सतरा-अठरा. बैठक झाली तेव्हा ही पोरं गुरं घेऊन दलदलीकडच्या कुरणांत होती, कारण मार्चमध्ये गवत तिथेच असतं. आम्ही मार्च का निवडला? रस्ते कोरडे असतात म्हणून. म्हणजे आमच्या गाडीच्या सोयीने आम्ही नेमका तो महिना निवडला ज्यात धाडी घालणारेच गावात नसतात. त्यातला एक हसत म्हणाला, गुरं आम्ही राखतो, मरतो आम्ही, सही काकांची. याला तुमच्या अहवालात 'युवकांचा सहभाग' म्हणतात ना, तो असा डोक्यावर आदळतो. आणि तो पहिल्या खेपेला आदळत नाही.

सत्तेत बायकांना द्यायच्या त्या पस्तीस टक्के जागांची तू टिंगल केलीयस, ते मला आवडलेलं नाही. मान्य आहे, २०११ च्या संविधानात २५ टक्के होते, २०१८ च्या शांतता करारात ३५ झाले, आणि २०२० मध्ये राज्यांना गव्हर्नर नेमले त्यात बाई एक. पाच उपाध्यक्ष, साडेपाचशेची संसद, हे सगळं ज्यांच्याकडे बंदुका त्यांच्यात वाटून घेतलेलं, भावकीत जमीन वाटतात तसं. निवडणूक डिसेंबरात होणार होती, ती गेल्या सप्टेंबरात पुन्हा दोन वर्षांनी पुढे ढकलली. सगळं कबूल. पण माझी पहिली नोकरी उस्मानाबाद जिल्ह्यात, पंचायतीत बायकांना जागा राखून देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुका झाल्या होत्या तेव्हाची. सरपंच बाई आणि खुर्चीवर नवरा. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कसणारा दुसराच, तसा प्रकार. मी तेव्हा तुझ्यासारखीच हसले होते. पण तिथे माझी बदली लवकर झाली नाही, म्हणून मला पुढचं दिसलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या एका बाईने ग्रामसभेत ग्रामसेवकाला पाण्याच्या टाकीचा हिशेब मागितला. नवरा शेजारीच बसलेला, त्याने तिचा पदर ओढला. तिने पदर सोडवून घेतला आणि पुन्हा विचारलं. टक्क्यांनी काय होतं? बाईला तिथे बसायला जागा मिळते. बोलायला तिला किती वर्षं लागतील ते तिचं ती ठरवते. तू ती वर्षं बघायला तिथे असशील का, एवढाच प्रश्न आहे.

आता म्हणशील, मावशी, पैसे पुढच्या काउंटीचे आलेत. अरे, तुझ्या अंदाजपत्रकात 'देखरेख' नावाचा रकाना आहे की नाही? प्रत्येक देणगीदाराच्या कागदात तो असतो आणि बहुतेक वेळा वर्षअखेरीला त्यातले पैसे उरतात. त्यातून जा. मी ते उशिरा शिकले.

आणि भारतीय असण्याचा फायदा घे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक म्हातारा आजारी गाय घेऊन माझ्या तंबूसमोर उभा. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. त्याला पटेना. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतल्या आपल्या सैन्याचे पशुवैद्य मलकालला दवाखाना चालवत होते, तेव्हा इंडियन म्हणजे गुरांचा डॉक्टर, हे त्याच्या डोक्यात पक्कं. त्या डॉक्टरांनी समावेशकतेवर एकही कार्यशाळा घेतली नसेल. ते फक्त पुन्हा येत राहिले. गाय बरी झाली की नाही ते बघायला येणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, नाहीतर हे पत्र लबाडीचं होईल. मीही परत गेले नाही. मी रजेवर इथे आले होते, डिसेंबर २०१३ च्या वीस तारखेचं तिकीट होतं. पंधराला राजधानी जुबात लढाई सुरू झाली, अठराला बोर पडलं. त्या प्रवासात मी त्या बाईला आणि तिच्यासारख्या आणखी चौघींना दुसऱ्या बाजूच्या बायकांशी भेटवणार होते, मुलांचं काय करायचं ते त्यांनीच ठरवावं म्हणून. पुढे आईचं खुब्याचं हाड मोडलं. २०१६ च्या मध्यावर जायची तयारी केली तर जुलैत जुबात पुन्हा गोळीबार. त्यानंतर माझं वय. कारणं सगळी खरी आहेत, कोणीही मान्य करेल. मीच करत नाही. त्या देशात लाखो माणसं मेली, आणि मी अडून बसले आहे एका मुद्द्याच्या एका ओळीवर. तुला ते हास्यास्पद वाटेल. वाटू दे.

राजीनाम्याचं म्हणशील तर दे, कोणी वाईट म्हणणार नाही. इथे येऊन स्पर्धा परीक्षा दे, बँकेत लाग, लग्न कर. पण त्या झाडाखाली एकदा परत जाऊन ये, मग दे. सुरक्षा विभागाची परवानगी घेतल्याशिवाय मात्र नाही. शूरपणा मला नकोय. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना काही विचारू नकोस. साखर आणि चहापत्ती घेऊन जा, साखर जास्त. बस. अजेंडा नेऊ नकोस, हजेरीपट तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही तर रात्री तिथेच राहा.

तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच आहे, तुला सांगायला नको. पहिला पाऊस पडला की चाकं रुततात आणि मग नोव्हेंबरपर्यंत वाट बंद. आज बारा जानेवारी. एप्रिल संपेपर्यंत रस्ता धरला तर तुझ्याकडे पंधरा आठवडे आहेत.

तुझी,
मावशी