एका वेळी एकच बाहुली

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापुरात राहते. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी चिंधीच्या बाहुल्या करायला शिकवते. सगळ्यांनी मिळून शांतपणे काही करावं, डोक्याला विसावा मिळावा, एवढाच हेतू. फळ्यावर 'मौन' लिहिलं, मोबाइलवर बासरी लावली. पहिल्या रविवारी 22 जणी आल्या, दुसऱ्या रविवारी 14, तिसऱ्या रविवारी 6. कुणी म्हणतं जमत नाही, कुणी विचारतं कितीला विकायच्या. जवळच्या वस्तीतल्या विडी कामगार बायकांनाही बोलवायचं मनात आहे. पण दिवसभर हातांनी राबणाऱ्या बायका पुन्हा सुई कशाला धरतील, असं घरचे म्हणतात. माझं कुठं चुकतंय?

उत्तर : बाई, तुमचा हेतू चांगला आहे, तो सोडू नका. फक्त ती बासरी बंद करा आणि फळा पुसा. गप्प बसा म्हटलं की माणूस तोंडानं गप्प बसतो, आत बडबड चालूच राहते. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ना, तसंच शांततेचं आहे. हात कामात गुंतले की ती येते, बोलावून येत नाही. अशोक चौकाजवळ एका समाजमंदिरात गेली नऊ वर्षं आमची दर गुरुवारी बैठक असते. तिथं पहिला अर्धा तास नुसता कलकलाट. निम्म्या जणी तेलुगूत बोलतात, बाकीच्या मराठीत, कन्नडात, उर्दूत. बाहुलीला कुणी बोम्म म्हणतं, कुणी गोंबे, कुणी गुडिया. मी कुणाला थांबवत नाही. डोकं भरायला घेतलं की आवाज आपोआप उतरतो, आणि चेहरा काढायची वेळ आली की पंख्याची घरघर ऐकू येते.

22 जणी आल्या ही खरी अडचण. एका वेळी आठ-दहा पुरे. सतरंजी अंथरून गोल करून बसा, गुडघे दुखणाऱ्यांना त्याच गोलात खुर्ची द्या, मागे नको. कात्र्या दोनच ठेवा. कात्री मागायला शेजारणीकडे वळावं लागतं, आणि आमच्याकडच्या कितीतरी ओळखी त्या मागण्यातून झाल्या आहेत.

आता विडी कामगारांबद्दल. तुमच्या घरच्यांना पडला तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मला एका बाईनंच दिलं. सोलापूरच्या पूर्व भागातली, पन्नाशीची. विडी वळणारीचे हात तुम्ही कधी जवळून पाहिलेत का? तेंदूचं पान बेतानं कापायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक नखानं दाबून दुमडायचं, वर दोऱ्याचे वेढे. मजुरी हजारावर, म्हणून हाताबरोबर मनात आकडा चालू. तिनं आमच्या बैठकीत बाहुलीच्या अंगाला शिलाई मारली, उलटवलं, भरलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांचा अजून एक हातही शिवून झाला नव्हता. "अक्का, किती करायच्या?"

मी म्हटलं, "एकच."

"मग राहिलेल्या वेळात काय करू?"

"हिचंच कर."

ती खरोखर बुचकळ्यात पडली. जरा वेळ बाहुली हातात फिरवत बसली. मग तिनं मानेजवळची शिलाई उसवली, सगळा कापूस बाहेर काढला, तो बोटांनी पिंजून मोकळा केला आणि चिमूट-चिमूट करत पुन्हा भरायला लागली. शेजारणीनं दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "आज डोक्यात आकडा नव्हता."

बाई, तुम्ही ज्याला डोक्याचा विसावा म्हणता तो मला त्या दिवशी कळला. तेव्हापासून आमच्याकडे एका वेळी एकच बाहुली, आणि ती तीन गुरुवार चालते. पहिल्या गुरुवारी शिलाई, दुसऱ्या गुरुवारी भरणं, तिसऱ्या गुरुवारी केस आणि चेहरा. अर्धवट बाहुली घरी न्यायची नाही, नावाची चिठ्ठी लावून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. तुमच्या तिसऱ्या रविवारचा आकडाही त्यानं सुधारेल. बिनडोळ्यांची बाहुली पेटीत ठेवून आलेली बाई पुढच्या वेळी येतेच.

त्या बायकांना तुमच्या सोसायटीत मात्र बोलावू नका. तुम्ही त्यांच्या गल्लीत जा, कारखान्यात विड्या देऊन त्या कधी मोकळ्या होतात ते विचारा आणि तीच वेळ धरा. पाहुणी म्हणून आलेली बाई अंग चोरून बसते, तिचा हात मोकळा होत नाही.

विक्रीचं बोलणं बैठकीत नको, हे मी अनुभवानं सांगते. एका दिवाळीला आम्ही शंभर बाहुल्यांची ऑर्डर घेतली. बाहुल्या वेळेत झाल्या, पैसेही मिळाले. पण त्या महिनाभरात प्रत्येकीचं लक्ष दुसरीच्या ढिगाकडं होतं. ज्यांचा हात सावकाश चालतो अशा दोघी यायच्या बंद झाल्या, त्या आजतागायत आलेल्या नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पैशाची गरज खरी असते, तिला नावं ठेवायची नाहीत. ज्यांना कमवायचं आहे त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, मजुरी आधी ठरवा आणि ती चोख द्या. पण गुरुवार तो गुरुवार.

'जमत नाही' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा मानेपाशी अडलेलं असतं. डोकं भरलं, अंग भरलं आणि बाहुली उभी धरली की मान लटकते, मग बाई हिरमुसते. त्यावर उपाय असा. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंदीची पट्टी घ्या आणि समईची जाड वात वळतो तशी घट्ट वळा. तिचं एक टोक डोक्याच्या मध्यापर्यंत आणि दुसरं छातीपर्यंत जाऊ द्या, आणि मग तिच्याभोवती कापूस भरा. गोळा कोंबायचा नाही, आत गाठी राहतात. बोराएवढा कापूस घ्यायचा, चमच्याच्या दांड्यानं पार कडेला नेऊन दाबायचा, मग पुढचा. कापूस वाटतो त्याच्या दुप्पट जातो. उलटवण्याआधी मानेच्या आणि काखेच्या वळणावर कात्रीनं बारीक कट मारायला विसरू नका, नाहीतर तिथं चुण्या पडतात. कट टाक्याच्या अलीकडे थांबला पाहिजे. अंगाला धावदोरा नको, दाबून भरलं की तो फाकतो. उलटी टीपच घाला.

कापड मांजरपाट. एक मीटरमध्ये वीतभर उंचीच्या आठ बाहुल्या आरामात बसतात. रात्रभर भिजत घाला म्हणजे खळ निघते, मग चहाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून उकळा. कमी-जास्त वेळ ठेवलं की गव्हाळ, सावळा असे रंग मिळतात. प्रत्येकीला आपल्या हाताशेजारी धरून रंग निवडू द्या. पांढऱ्याफटक बाहुलीकडे बघून आमच्या मुली मोठ्या झाल्या, आता तरी बाहुली घरातल्या माणसासारखी दिसू दे.

बाकी सामान आपल्या गावात मागावं तेवढं मिळतं. यंत्रमागवाल्याकडून चादरीच्या दशांचे दोरे आणले की केस झाले. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून निळी, मरून, चौकड्याची कात्रणं मिळतात, त्यामुळे आमच्या निम्म्या बाहुल्या शाळेला निघालेल्या दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बसू नका. पारा चाळिशीपार गेला की हाताला घाम येतो, सुई सटकते आणि कापडावर डाग पडतात. संध्याकाळी साडेपाचनंतर बसा.

प्रश्न : मी 68 वर्षांचा, आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं. आता घरी बसून असतो. अशा बैठकीला पुरुष आलेला चालतो का? सुई ओवायला डोळ्यांना दिसत नाही.

उत्तर : दादा, जरूर या. मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून न बघता गाठ मारणारे तुमचे हात आहेत, डोळ्यांचं काम फार थोडं उरतं. मोठ्या नेढ्याची, गोधडीची सुई घ्या. आमच्याकडे एक शाळकरी मुलगी सुरुवातीलाच दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवते, ज्याला लागेल त्यानं उचलायची. तुमच्या भागात बैठक नसेल तर तुम्हीच चार मित्र जमवून सुरू करा. एक सांगते, पहिल्या दिवशी 'मी नुसता बघतो' म्हणून भिंतीला टेकून बसू नका. नुसतं बघणारा माणूस समोर असला की बायकांचे हात आखडतात.

प्रश्न : माझी आई मागच्या वर्षी गेली. तिच्या साड्या कपाटात तशाच आहेत. चार वर्षांच्या लेकीसाठी त्यातल्या एकीची बाहुली करावी असं वाटतं, पण सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाच्या कपड्याची बाहुली करू नये. कात्री लावायला माझाही हात होत नाही.

उत्तर : आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याचं बाळाला दुपटं शिवतात, धुवट साड्यांची गोधडी घरभर पांघरतात. आजी गेल्यावर ती गोधडी कुणी टाकून देतं का? सासूबाईंना हेच शांतपणे विचारा, आणि जमलं तर त्यांचीही एक जुनी साडी मागा. बाहुलीला एकीचं लुगडं आणि दुसरीच्या कापडाची चोळी होऊ दे. मला वाटतं, त्या नाही म्हणणार नाहीत.

कात्री पदराला लावू नका. साडी उलगडून उजेडात धरा. बसता-उठता विरलेली, निऱ्यांपाशी झिजलेली जागा सापडेल. तिथून सुरुवात करा, ती जागा तुमच्या आईनंच अर्धी कापून ठेवलेली आहे. वीतभर बाहुलीला कापड कितीसं लागतं? हातभर. उरलेली साडी घडी घालून परत कपाटात. डोळ्यांना बटणं किंवा मणी नकोत, लहान मूल ते तोडून तोंडात घालतं. गाठीच्या टाक्यानं दोऱ्याचेच डोळे काढा. चेहरा आईसारखा यावा म्हणून धडपडू नका. भुवया आणि ओठ अगदी थोडे काढा. लेक तिच्यात कुणाला बघेल ते तिचं तिला ठरवू दे.

लेकीसाठी करताय तर कापड आधी स्वच्छ धुऊन घ्या. पुढं कधी स्वतःसाठी एक केलीत, तर धुवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या आईच्या इरकलीची मी केली, तेव्हा धुतली नव्हती.