गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या एका शैलीच्या, चर्चच्या भिंती जवळजवळ काचेच्याच दिसतात, मग एवढं दगडी छत पेलतं कोण? आणि ही शैली सुरू कुठे झाली?

पत्त्यांचा बंगला बांधताना दोन पत्ते एकमेकांना टेकवून पाहा. पसरट टेकवले तर पाय बाहेर घसरतात, उभट टेकवले तर टिकतात. कमान भार खाली नेतेच, पण बाजूलाही रेटते. अर्धगोल कमानीचा रेटा जास्त, म्हणून आधीच्या रोमनेस्क चर्चच्या भिंती जाडजूड आणि खिडक्या लहान. टोकदार कमानीचा रेटा कमी. शिवाय अर्धगोल कमान रुंदीच्या निम्मीच उंच होते. टोकदार कमान हवी तेवढी चढवता येते.

छताला दगडी फासळ्या, म्हणजे छताखालून तिरप्या जाणाऱ्या बारीक कमानी, असतात. (मुंबईत असाल तर सीएसएमटीच्या तिकीटघरात मान वर करून पाहा.) त्या नेमका किती भार वाहतात यावर अभ्यासकांत वाद आहे, पण छताचा भार येतो तो ठरावीक खांबांवरच. उरलेला रेटा फ्लाइंग बट्रेस, म्हणजे बाहेरून टेकलेल्या अर्ध्या कमानी, झेलतात. भिंतीला पेलायला फारसं काही उरतच नाही, म्हणून तिथे रंगीत काच बसते. मला ही सगळी रचना म्हणजे रेट्याला दाखवलेली वाट वाटते, नक्षी त्यानंतरची.

ही शैली सुरू झाली फ्रान्समध्ये, पण यातलं सगळंच काही तिथलं नाही. टोकदार कमानी कैरोच्या इब्न तुलून मशिदीत नवव्या शतकातच आहेत, फासळ्यांचं छत इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये (मोठ्या चर्चमध्ये) ११३३ पर्यंत उभं राहिलं होतं. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चमध्ये मठाधिपती सुजेर यांनी या गोष्टी उजेडासाठी एकत्र आणल्या. तिथल्या नव्या भागाचं पवित्रीकरण ११४४ साली झालं आणि गॉथिकची सुरुवात तिथूनच धरतात. रोमन साम्राज्यावर चाल करून आलेल्या गॉथ टोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. ‘रानटी’ या अर्थाने हे नाव पुढे इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या विद्वानांनी चिकटवलं.

मला सगळ्यात जास्त शिकवतं ते उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावाचं कॅथेड्रल. तिथे छत सुमारे ४८ मीटरवर नेलं, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीएवढं. १२७२ साली काम झालं, १२८४ साली त्या छताचा काही भाग कोसळला. दुरुस्ती करताना दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घातला. लोक जिथे बसणार होते तो लांब सभामंडप कधी बांधलाच गेला नाही.