लाल वीट की राखेची?

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातलं आजेसासऱ्यांच्या वेळचं घर पाडून नवीन बांधतो आहोत. ठेकेदार म्हणतो, राखेच्या विटा घ्या, 'इको-फ्रेंडली' असतात. सासूबाई म्हणतात, कोळशाच्या राखेत विष असतं आणि भिंती तडकतात. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. कोराडी, खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं आपल्या उशाशी, त्यामुळे राखेला तोटा नाही. त्या राखेत जड धातूंचे अंश असतात. ती तळ्यात साचते, वाऱ्यावर उडते, पाण्यात उतरते, तेव्हा खरा त्रास. सिमेंट किंवा चुन्यात बांधून विटेत बसली, की सहसा उडत नाही. मात्र वीट कापताना मिस्त्रीच्या तोंडाला फडकं असू द्या आणि वीट ओली करून कापायला सांगा.

लाल विटेला शेताची वरची माती लागते आणि भट्टीला कोळसा. म्हणूनच 1999 च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळायला सांगितलं. राखेची वीट भाजावी लागत नाही. राख, दगडाची चुरी, सिमेंट किंवा चुना-जिप्सम यंत्रात दाबला, की झालं. पण त्यातल्या सिमेंटची भट्टी कोणी पाहत नाही, ती चुनखडी भाजूनच चालते. तेव्हा ठेकेदाराचा 'इको-फ्रेंडली'ही निम्माच धरा.

आता तडे. मानेवाड्यातल्या माझ्याच घराच्या मागच्या भिंतीला आहेत, आणि चूक माझी. एप्रिलचं ऊन, काम अडलेलं, मी पाच दिवसांपूर्वी यंत्रात पाडलेल्या राखेच्या विटा उचलून आणल्या. तराई, म्हणजे विटांवर पाणी मारणं, पुरी झालेली नव्हती. भिंत चढली, मग वीट आकसली. बायको अजून त्या भेगेत कॅलेंडर अडकवते. तुम्ही किमान दोन-तीन आठवडे पाणी मारलेल्या, मग सुकलेल्या विटाच घ्या आणि कधी पाडल्या ते विचारा. चार विटा तोलून रात्रंदिवस, म्हणजे चोवीस तास, पाण्यात ठेवा. तीन किलोची वीट 3.6 किलोच्या वर गेली, तर गाडी परत. राखेची वीट लाल विटेइतकी भिजवू नका, वरून शिंपडा. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी लावल्याशिवाय गिलावा करू देऊ नका.

पण ताई, त्याआधी एक. जुनं घर बुलडोझरने पाडू नका. जुन्या घरात चुन्याची जुडाई असली, म्हणजे विटा चुन्याने जोडलेल्या असल्या, तर विटा हाताने सुटतात. घासून ठेवल्या, तर कंपाउंड आणि आतल्या आडभिंती त्यातच निघतील. त्यांचा कोळसा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच जळून गेलाय. ठेकेदार मजुरी परवडत नाही म्हणेल. त्याला नव्या विटांचा आणि मलबा उचलायचा खर्च शेजारी-शेजारी लिहून दाखवायला सांगा.