चौल खरंच शहर होतं का?

प्रश्न : आमचं मूळ गाव अलिबागजवळचं चौल. तिथे एके काळी ३६० देवळं नि तितकीच तळी होती, मोठं बंदर होतं, असं घरात ऐकत आलो. आज नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. हे खरं का? मुंबईत राहून शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : बंदर होतं आणि फार मोठं होतं. ३६० हा आकडा मात्र मोजून आलेला समजू नका. पुष्कळ जुन्या गावांबद्दल तोच सांगतात.

शोधात पहिली चूक होते ती नावाची. फक्त ‘चौल’ शोधलंत तर निम्मं हातातून जाईल. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीचं सिमुल्ला, अरब प्रवाशांचं सैमूर, कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांतलं चेमुल, ही सगळी चौलचीच नावं. म्हणजे तुमच्या गावाचा एक पुरावा बोरिवलीच्या डोंगरातच आहे.

दुसरी चूक, चौल आणि रेवदंडा एक धरण्याची. पोर्तुगीजांनी १५२१मध्ये किल्ला बांधायला घेतला तो खाडीच्या तोंडाशी, रेवदंड्याला. हे खालचं चौल. त्या तटाच्या आतल्या वस्तीला आजही आगरकोट म्हणतात. वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. तिथला हमामखाना, म्हणजे स्नानगृह, त्या काळच्या शहराची खूण. त्यामुळे कुठलीही नोंद उतरवताना ती वरच्या चौलची की खालच्या, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. नंतर निवडता येत नाही.

व्यापार आधी सुरतेकडे आणि मग मुंबईकडे वळला. चौलचे विणकर सतराव्या शतकातच मुंबईत येऊन वसले. १७४०मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना दिलं, तोवर बंदराची कळा गेलेली होती.

कागदांतल्या शोधाची सुरुवात १८८३च्या कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) गॅझेटियरने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाने करा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो ११वा खंड. त्यातलं स्थळवर्णनाचं प्रकरण उघडा, चौलवर बरीच पानं आहेत. मग काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह. जाताना ओळखपत्र न्या, आणि ‘चौलचं काही आहे का’ असं मोघम न विचारता वर्ष आणि खातं सांगा. दप्तरं खात्यांप्रमाणे लावलेली असतात. पेशवाईतली कागदपत्रं पुण्याच्या पेशवे दफ्तरात मिळतील, पण ती मोडीत आहेत. वाचणारं माणूस आधी गाठा.

गावी गेलात की भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन एकेका वाडीचं, तळ्याचं, पाखाडीचं (गावातल्या आळीचं) बोलीतलं नाव सर्व्हे नंबरापुढे लिहा. हे काम सगळ्यात आधी उरका. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील.