संत्र्याच्या रसातली आम्लं मोजताना

वरुडहून मृग बहाराची संत्री आणलीस, छान केलंस. पण रस थेट एचपीएलसी मशीनला, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, देऊ नकोस गं. आधी सेंट्रिफ्यूज कर, पातळ कर, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. नाहीतर चोथ्यानं कॉलमचं, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या बारीक कणांनी भरलेल्या नळीचं, तोंडच बुजतं.

खरी मेख पीएचमध्ये आहे. सायट्रिक आम्लाचा पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून प्रभारित होतात तो) ३.१ च्या आसपास, मॅलिकचा ३.४. फॉस्फेट बफर, म्हणजे कॉलममधून वाहणारा, पीएच स्थिर ठेवणारा द्राव, २.५ वर ठेवलास की बहुतेक रेणू प्रभाररहित राहतात, कॉलममधल्या सी-१८ या तेलकट थरावर जरा थांबतात आणि एकमेकांपासून सुटे होतात. पीएच वर सरकला की आलेखावरचे आम्लांचे उंचवटेही (पीक) सरकतात, पसरतात. म्हणून बफर रोज मीटरवर तपास, कालच्या आकड्यावर विसंबू नकोस. डिटेक्टर २१० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर ठेव. क जीवनसत्त्व मात्र २४५ च्या आसपास बघ, तेही रस काढल्याबरोबर; आपल्या मार्चच्या उन्हात ते टेबलावर ठेवल्या ठेवल्या कमी होतं.

एकदा माझी दुपारीच लाइन गेली, बफर रात्रभर कॉलममध्ये राहिला. सकाळी प्रेशर दुप्पट! तेव्हापासून शेवटचा रन झाला की आधी पाच टक्के मिथेनॉलचं पाणी अर्धा तास, मगच जास्त मिथेनॉल. घाईनं उलटं केलंस तर बफरचा क्षार आतच बसतो.